ओल्या जमिनीची तपासणी

सोमवारी सकाळी मंदा बोराडे तिच्या मुलाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आली. मूल आठ महिन्यांचं होतं. त्याचे ओठ आणि नखं निळी पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, राहता कुठे. तिने सायखेड्याच्या वाटेवरच्या मळ्यातलं घर सांगितलं. त्या घरात माणसांनी राहायला हरकत नाही, असा दाखला मी दिला होता. त्याला अकरा दिवस झाले होते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं तेव्हा नोकरीतले रंजक अनुभव लिहा, असं कळवलं होतं. तसे अनुभव माझ्याकडे आहेत, आणि एकदोन मी लिहीनही. पण या घराला वळसा घालून मला पुढे जाता येत नाही. दोनदा प्रयत्न करून पाहिला. म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

आमचं काम परक्याला समजावून सांगणं कठीण होतं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची एक लहानशी प्रयोगशाळा होती. दोन खोल्या, एक दगडी ओटा, स्पिरिटचा दिवा आणि बाटल्यांची मांडणी. मी तिथे सहायक म्हणून लागले ती सत्तरच्या दशकात, बी.एस्सी. झाल्यावर लगेच. मुख्य काम पाण्याचं. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं, आम्ही ते तपासायचो आणि 'जंतुनाशक टीसीएल पावडर टाकून मगच वापरावे' असं लिहून पाठवायचो. नात्यातल्या बायकांना मी नर्स आहे असं वाटायचं. "रक्त बघून चक्कर येत नाही का गं?" असं त्या विचारायच्या. मी पाणी बघते, असं म्हटलं की त्यांचा विरस व्हायचा.

या कामाला हळूहळू एक दुसरं काम चिकटलं. त्याला नाव नव्हतं आणि त्याचा कुठला नियमही नव्हता. पोलिस एखाद्या घरातली हातभट्टी मोडायचे. पंचनामा व्हायचा, माल जायचा, माणसं कोठडीत जायची. घर तिथेच राहायचं. त्याच्या भिंतींत, जमिनीत आणि विहिरीत काय मुरलं आहे, हे पंचनाम्यात लिहिलेलं नसायचं. आज ना उद्या त्या घरात कुणीतरी चूल पेटवणार असायचं, आणि बहुतेक वेळा त्या माणसाचा आधीच्या धंद्याशी काही संबंध नसायचा. असं घर तपासायचं, धुऊन काढायचं, पुन्हा तपासायचं आणि मग दाखला लिहायचा. तपासायचं काम माझं. धुण्याचं काम किसनदादांचं.

किसन पगारे आमच्याकडे मुकादम होते. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. बारीक अंगाचे, डोक्याला टोपी नाही, शर्टाच्या खिशात विड्यांचं बंडल आणि एक कागदी पुडी. त्या पुडीत साखर असायची. ती कशासाठी, हे मला पहिल्यांदा घोटीजवळच्या एका वाडीत समजलं.

तिथल्या एका झोपड्यात चुलीखाली पिंपं पुरून दारूचं रसायन आंबवलेलं होतं. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय. पिंपं निघाली, जमीन उकरली, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळं धुतलं. मी माझे नमुने घेतले. किसनदादांनी घराच्या चार कोपऱ्यांत चार चिमटी साखर ठेवली आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. भट्टीवाल्याची म्हातारी आई अंगणात होती. लेक कोठडीत गेल्याचं दुःख तिला फारसं दिसलं नाही.

"काय पूजा मांडली व्हय?" तिने विचारलं.

"व्हय आजी. मुंगी येती का बघतो."

"आली मंग?"

"आली तर तुमी ऱ्हा. नाय आली तर मी पुन्यांदा धुतो."

"पोलिसापरीस तूच बरा रे बाबा. त्यांनी वास घ्यायला कुत्रं आणलं व्हतं. त्यानं माझी भाकर खाल्ली अन् गुमान गेलं."

मुंग्या आल्या. माझ्या नमुन्यांतही काही निघालं नाही. परतीच्या एस.टी.त मी किसनदादांना म्हटलं, "दादा, याला पुस्तकात आधार नाही." ते म्हणाले, "मुंगीला कुठं वाचता येतंय ताई." नंतर मी या गोष्टीला सरावले. त्यांच्या मुंग्या आणि माझे कागद यांचं सहसा एकमत असायचं.

आता बोराड्यांचं घर. ठकूबाई बोराडे विधवा होत्या. मळ्यात त्यांचं मातीच्या भिंतींचं, चार खणांचं घर. त्यांचा मुलगा दत्तू सातपूरच्या एका कारखान्यात होता. एकटीने मळ्यात राहणं होईना, तेव्हा त्या मुलाकडे सातपूरला गेल्या आणि घर भाड्याने दिलं. घेणारे तिघे जण होते. औषधाच्या गोळ्या बनवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. ठकूबाई पुढे मला म्हणाल्या, "औषध म्हणल्यावर मी नाय कशी म्हणू? पुण्याचं काम वाटलं."

त्या गोळ्या झोपेच्या होत्या, आणि त्यांच्यावर बंदी आलेली होती. छापा पडला, घराला सील लागलं. वर्षाहून जास्त काळ ते बंद राहिलं. तेवढ्यात दत्तूच्या कारखान्याला टाळं लागलं, सातपूरची खोली सोडावी लागली, आणि आई, मुलगा, सून मंदा आणि नातू अशी चौघं एका नातेवाइकाच्या ओसरीवर येऊन राहिली. न्यायालयाने घर ठकूबाईंना परत दिलं, पण आरोग्य खात्याने तपासल्याशिवाय राहायला जाऊ नये, असं आदेशात लिहिलं होतं. तो कागद माझ्या टेबलावर आला.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ठकूबाई दारात उभ्या होत्या. "बाई, घर माझं, कुलूप सरकारचं, अन् घाण त्या मेल्यांची," त्या म्हणाल्या. "आता तुमीच सांगा, आमी ऱ्हायचं कुठं?" मग त्यांनी किसनदादांकडे पाहिलं. "मुकादम, आडनाव काय तुमचं?"

"पगारे."

"कुठले पगारे?"

"घरं धुवायला येत्यात ते."

ठकूबाई दारातून बाजूला झाल्या. मी भिंतीकडे बघत राहिले. मीही त्याच समाजातली, बौद्ध. पण माझ्या हातात पेन होतं, आणि मला तो प्रश्न सहसा कुणी विचारत नसे.

घरात शिरल्यावर वास आला. हातभट्टीचा आंबट वास मला पाठ होता, हा वेगळा होता. थोडा जुन्या शिरक्यासारखा, थोडा माशासारखा. भिंतींवर तपकिरी ओघळ होते. मागच्या खोलीत जमिनीवर मोठे काळपट डाग होते. गोळ्या बनवताना वापरलेलं एक तेलकट द्रव्य तिथे सांडत आलं होतं. ते कोणतं, हे मला पोलिसांच्या कागदांवरून कळलं. ते माणसाच्या अंगात कातडीतूनही जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं, हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन वाचलं. तपासणीची रीतही तिथल्याच एका जुन्या पुस्तकात मिळाली. गाळण्याच्या कागदाचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून भिंतीवर, जमिनीवर घासायचा. मग त्यावर दोन द्रावणांचे थेंब टाकायचे. कागद केशरी झाला तर ते द्रव्य तिथे आहे. पांढरा राहिला तर नाही. मी स्वतःवर खूश होते. अशी तपासणी आमच्या खात्यात यापूर्वी कुणी केली नव्हती.

किसनदादा आणि दोन मजूर चार दिवस राबले. भिंतींचा गिलावा खरवडला. दारं, खुंट्या, कडीपाट सोड्याच्या पाण्याने घासले. जमिनीचा वरचा पोपडा काढून नवा मुरूम चोपला. धुण्याचं पाणी पिंपांत भरून बाहेर नेलं. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. जमीन वाळू दिली. मग मी सव्वीस ठिकाणी कागद घासले. सगळे पांढरे राहिले.

"ताई, मुंग्या नाय आल्या," किसनदादा म्हणाले.

"चुना मारलाय ना दादा. चुन्यावर कधी मुंग्या आल्यात?"

"तेबी खरंय." त्यांनी पुडी खिशात ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "आठ दिस थांबलो असतो, तर बरं झालं असतं."

बाहेर निंबाखाली बैलगाडी उभी होती. गाडीत हंडे, गाठोडी, एक ट्रंक. मंदा गाडीच्या चाकाला टेकून मुलाला पाजत होती. ओसरीवरच्या लोकांनी त्यांना त्याच दिवशी निघायला सांगितलं होतं. मी दाखला गाडीच्या फळीवर ठेवला आणि सही केली.

यानंतरचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

सिव्हिलमधून निरोप आला तेव्हा मी धावतच गेले. डॉक्टर तरुण होते. "रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हे पाहिलंय," ते म्हणाले. "रांगत्या मुलात पहिल्यांदाच." त्यांनी एक निळ्या रंगाचं औषध शिरेतून दिलं. निळेपणावर औषधही निळंच असतं, हे मला तेव्हा कळलं. मंदा खाटेशी उभी होती. तिने मुलाचा हात माझ्यापुढे धरला आणि त्याची नखं दाखवली.

दुपारी मी आणि किसनदादा मळ्यात पोचलो. ठकूबाई घरीच होत्या. आत पाऊल टाकलं आणि मला सगळं समजलं.

जमीन सारवलेली होती. घर ताब्यात आल्या दिवसापासून सासू-सुनांनी ती जवळजवळ रोज सारवली होती. नव्या मुरमाला धर लागावा म्हणून आधी भरपूर पाणी मारलेलं, मग शेणकाला, मग पुन्हा शेणकाला. बोटांचे अर्धगोल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नीट उमटले होते. शेणाच्या वासाने दुसरा वास झाकला गेला होता. मुलाची कुंची कोपऱ्यात पडली होती. ते त्या ओल्या जमिनीवर उघड्या अंगाने रांगत होतं.

मी खाली बसून कागद जमिनीला लावला. घासायचीही गरज पडली नाही. थेंब टाकले आणि कागद केशरी झाला.

मी कोरडी जमीन तपासली होती. द्रव्य वरच्या मुरमात नव्हतं, त्याच्या खालच्या मातीत होतं. पाणी मुरलं, आणि वाळताना ते द्रव्य पाण्याबरोबर वर आलं. हे कळायला कोणत्याही पुस्तकाची गरज नव्हती. माझी आई दर शनिवारी घर सारवायची. लहानपणी मी तिच्यासाठी शेण गोळा करून आणलं आहे. आपल्याकडे बाई घरात राहायला आली की पहिलं काम जमिनीचं करते, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी मी अशा घराला दाखला दिला, की ज्यात कुणी राहत नाही.

ठकूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "म्या केलं व्हय हे?" त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं?"

"नाही आजी. चूक माझी आहे."

"सारवण म्या घातलं की."

"सारवलं की काय होईल, ते मी बघायला हवं होतं. तेवढ्यासाठीच मला पाठवलं होतं."

त्यांना ते पटलं नाही. पुढेही कधी पटलं असेल, असं मला वाटत नाही.

मूल तीन दिवसांत सावरलं. मंदा त्याला घेऊन माहेरी, हरसूलच्या बाजूला गेली. मळ्यात येणार नाही, असं सांगून गेली. दत्तू तिच्यामागे गेला. ठकूबाई घराबाहेर निंबाखाली पाल ठोकून एकट्या राहू लागल्या. त्यांना बाकी काही नको होतं. नातू या घरात यावा, इतकंच.

वरिष्ठांनी पुन्हा चुना मारून पुन्हा तपासा, असा शेरा मारला. मी तेव्हा नोकरीत पहिल्यांदाच वाद घातला. जमीन खणावी लागेल, असं लिहून दिलं. परवानगी मिळाली. रबरी हातमोजे मागितले. भांडारातून उत्तर आलं, साठ्यात नाहीत. ते पत्र मी फाइलला लावलं. बाजारात जाऊन एक जोड आणावा, हे मला सुचलं नाही. यावर मी बराच विचार केला आहे. खरोखरच सुचलं नाही.

किसनदादांनी पंधरा दिवस जमीन उकरली. एक मजूर दुसऱ्याच दिवशी डोकं दुखतं म्हणून निघून गेला. दुसरा घमेली वाहायला राहिला. कुदळ दादांच्याच हातात होती. मागच्या खोलीत तर त्यांनी गुडघे टेकून हातांनी माती काढली, कारण भिंतीच्या पायाशी कुदळ चालवता येत नव्हती. हातभर खोल गेल्यावर कागद पांढरा राहू लागला. ती सगळी माती वस्तीपासून आणि नदीपासून लांब, एका बरड माळावर खड्डा करून चुन्याच्या थरांत पुरली. संध्याकाळी दादांचे हात कोपरापर्यंत तपकिरी दिसायचे. मी त्यांना साबण आणून दिला होता. "लग्नात बी एवढी हळद लागली नव्हती," ते म्हणायचे.

नवी पांढरी माती आणि मुरूम आणला, भरला, चोपला. मग मी ठकूबाईंना म्हटलं, "आजी, आता सारवा." त्यांनी सारवलं. ओली असताना मी तपासली. वाळताना तपासली. वाळल्यावर तपासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवायला लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकही कागद केशरी झाला नाही. या वेळी किसनदादांनी साखर काढली नाही. मीही विचारलं नाही.

ठकूबाई हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बाई, लेकरू हाय का तुमाला?"

"मुलगी आहे. तीन वर्षांची."

"निजवाल तिला इथं?"

माझ्या हातात त्या दिवसाचे पांढरे कागद होते. मला हो म्हणता यायला हवं होतं. माझी तपासणी या वेळी बरोबर होती, हे मला ठाऊक होतं. पण मी ते कागद पुन्हा मोजू लागले. ठकूबाई बघत राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना फक्त उत्तर हवं होतं.

"पोरीला कशाला मधी घेता आजी?" किसनदादा मागून म्हणाले. "मी निजतो की."

मला ती थट्टा वाटली. त्यांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला, ओल्या जमिनीवर पाठ टेकली आणि हात डोक्याखाली घेतले. "गार लागतंय," ते म्हणाले. "झ्याक."

ते आठ दिवस तिथे राहिले. दिवसा मळ्यात काहीबाही काम करायचे, बाकी वेळ त्या जमिनीवर उघड्या अंगाने पडून असायचे. ठकूबाई रोज सारवायच्या. मी रोज सकाळच्या एस.टी.ने जायची आणि आधी त्यांची नखं बघायची. मग ओठ. मग डोळ्यांखालची कातडी. दादा शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे करायचे. "पोरगी बघायला आल्यावर बी कुणी एवढं बघत नाय," असं एकदा म्हणाले. नखं रोज गुलाबी असायची. मी तारीख घालून वहीत लिहायची.

पहिल्या दिवशी ठकूबाईंनी त्यांची भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवली होती. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा त्या चुलीपुढे बसून त्यांना तव्यावरची गरम वाढत होत्या आणि रागावत होत्या. "पिठलं उरवायचं नाय दादा. एवढा मोठा बाप्या अन् चिमणीवानी खातो." मी आत आले तर म्हणाल्या, "तुमीबी बसा बाई." मी बसले. कोण कुठले, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते त्या वहीत नाही. मोठ्या माणसाचं शरीर जे पचवतं ते तान्ह्या मुलाला पचत नाही. मी हे वाचलं होतं. म्हणजे किसनदादांची नखं गुलाबी राहिल्याने मूल तिथे सुरक्षित आहे, असं सिद्ध होत नव्हतं. ते माझ्या ओल्या कागदांनी आधीच सिद्ध झालं होतं. शास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या निजण्याला काही अर्थ नव्हता. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, आणि मी त्यांना उठवलं नाही. ठकूबाईंना विश्वास वाटायला हवा होता. खरं तर मलाही तो हवा होता. माझी सही मला पुरेशी वाटत नव्हती, म्हणून मी एका माणसाला जमिनीवर निजू दिलं. तो माणूस कोण आहे, कुठल्या वस्तीतला आहे आणि अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या अंगावर पडत आली आहेत, हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं?

नवव्या दिवशी मी दुसरा दाखला लिहिला. दत्तू हरसूलला जाऊन आला, पण मंदा तयार होईना. शेवटी ठकूबाई स्वतः गेल्या. सुनेला त्या काय म्हणाल्या ते मंदाने मला पुढे सांगितलं. "त्या म्हणाल्या, तो मुकादम आठ दिस निजला, त्याला काय झालं नाय. आता मी महिनाभर निजते. मंग तू ये." आणि त्या खरोखर महिनाभर एकट्या निजल्या. मग मंदा आली. पहिले काही दिवस तिने मुलाला पायांवरून खाली उतरवलं नाही. मी तपासणीच्या निमित्ताने जायची तेव्हा ते मूल तिच्या मांडीवरून जमिनीकडे झेपावत असायचं. एका दुपारी तिने त्याला खाली सोडलं. ते रांगत चुलीपर्यंत गेलं आणि राखेत हात घातला. ठकूबाई त्याच्यावर ओरडल्या. मी वही बंद करून बाहेर आले आणि विहिरीपाशी जाऊन बराच वेळ बसले.

त्यानंतर आमच्या खात्यात असं कुठलंही घर आलं की जमीन आधी ओली करायची आणि मग तपासायची, अशी रीत पडली. मी ती लिहून काढली. वरिष्ठांनी तिच्या प्रती काढून पुढे पाठवल्या. हातमोजेही आले, आठ महिन्यांनी.

किसनदादा निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी त्यांना लघवीतून रक्त जायला लागलं. मूत्राशयाचा कॅन्सर होता आणि तो पुढे गेलेला होता. तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधी रंगाच्या कारखान्यात होते का. दादा म्हणाले, "रंगाच्या नाय साहेब. आमी फकस्त चुन्याचे." मी त्यांच्याबरोबर होते. मी डॉक्टरांना त्या घराबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असू शकेल," ते म्हणाले. "तेवढ्याशा कामाने होतं का, ते नक्की सांगता येत नाही. विड्याही ओढत होते ना?" ते अप्रामाणिक नव्हते. खरंच सांगता येत नाही. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आले आहे, आणि मलाही नक्की सांगता येत नाही.

त्यांच्या घरी मी दर रविवारी जायची. एकदा धीर करून म्हटलं, "दादा, मी तुम्हाला तिथे निजू द्यायला नको होतं."

ते भिंतीला टेकून बसले होते. हसले. "निजल्यानं काय व्हतंय ताई? निजायच्या आधी पंधरा दिस उकरत व्हतो. तवा नाय काय बोलल्या."

त्यांनी हे मला दुखवायला म्हटलं की माझं ओझं हलकं करायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं मी चुकीच्या जागी पश्चात्ताप करत होते, एवढं मात्र खरं. ते निजले तेव्हा जमीन स्वच्छ होती. त्याआधी नव्हती, आणि तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहून कागद घासत होते. कागद घासताना मी चिमटा वापरायची.

पुढच्या रविवारी ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. त्यांची बायको त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीने नखं पाहिली. नंतर चार दिवसांनी ते गेले.

मागच्या हिवाळ्यात मी सायखेड्याला एका लग्नाला गेले होते. परतताना रिक्षा मळ्याच्या वाटेला वळवायला सांगितली. घराला आता स्लॅब आहे, आत फरशी आहे. दारात एक तिशी ओलांडलेला माणूस ट्रॅक्टरचं चाक बघत होता. मी जुन्या ओळखीची, असं सांगितलं. त्याने आपलं नाव संदीप सांगून आत बोलावलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. ठकूबाईंचा फोटो भिंतीवर होता. तो म्हणाला, "आजी सांगायची, लहानपणी मी खूप आजारी पडलो होतो म्हणून." मी विचारलं, कशाने ते सांगितलं का. "नाही," तो म्हणाला, "काहीतरी बाधलं होतं म्हणे." मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. शेवटी विचारलं, "त्या मुकादमांच्या घरचं कुणी आहे का?" मी त्यांच्या मुलीचा पत्ता लिहून दिला. तो तिच्याकडे गेला का, ते मला माहीत नाही.

खात्यातली ती फाइल मी निवृत्तीपूर्वी एकदा काढून वाचली होती. 'जमीन खणून भराव बदलण्यात आला. तपासणी समाधानकारक.' जमीन कुणी खणली, ते त्यात नाही. ती किसन पगारे यांनी खणली.

किसनदादा नाहीत, ठकूबाई नाहीत. संदीप बोराडे त्या घरात बायको आणि दोन मुलींसह राहतो. दोन्ही दाखल्यांवर सही माझी आहे.